शरीर, मन, आत्मा : रेघ नेमकी कुठे?

दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अंगाला तसं काही नाही हो डॉक्टर, पण मन कशात लागत नाही आणि मधूनच जीव घाबरा होतो." बोलणाऱ्या काकूंनी एका दमात तीन गोष्टी वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. अंग ठीक, मन रुसलेलं, जीव घाबरलेला. डॉक्टर मान डोलावतात आणि चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ असं लिहून देतात. तक्रार मनाची आणि जिवाची, सुई मात्र दंडाला.

यात काकूंना काही खटकत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण त्याच काकू संध्याकाळी प्रवचनाला जातात आणि तिथे ऐकतात, "तुम्ही म्हणजे हे शरीर नव्हे, तुम्ही आत्मा आहात." मग घाबरतो तो कोण? आत्मा घाबरत असेल तर तो निर्विकार कसला? आणि घाबरत नसेल तर बी-१२च्या गोळ्यांनी बरं वाटलं ते कोणाला?

माझं म्हणणं असं, की या विषयातला निम्मा गोंधळ एका रेघेचा आहे. शरीर, मन, आत्मा हे तीन शब्द ओळीने लिहा आणि त्यांत एकच उभी रेघ मारा. अलीकडे जड, पलीकडे चेतन. ही रेघ शरीर आणि मन यांच्या मध्ये मारली तर एक जग उभं राहतं. मन आणि आत्मा यांच्या मध्ये मारली तर दुसरंच. आपण शाळा-कॉलेजात पहिली रेघ शिकतो, कीर्तन-प्रवचनात दुसरी, आणि बोलताना दोन्ही बेधडक मिसळतो.

आपली भाषा मात्र आपल्यापेक्षा सावध आहे. जीव भांड्यात पडतो, टांगणीला लागतो, वरखाली होतो. कोणी जिवावर उदार होतं, कोणी जिवावर उठतं, आणि रविवारी भांडी घासणं जिवावर येतं. आत्म्याचं असं काही होत नाही. फार तर आमरसाच्या दोन वाट्या रिचवून "आत्मा तृप्त झाला" म्हणायचं, तेही हसत. म्हणजे जीव ही धडधडणारी, अडकणारी, सुटणारी मधली काहीतरी चीज आहे आणि आत्मा म्हणजे ती नव्हे, एवढं मराठी बोलणाऱ्याला न शिकवता कळतं.

उपाशी श्वेतकेतू

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आणि त्याचा मुलगा श्वेतकेतू यांचा संवाद आहे. पोरगा बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परतला, आणि परतला तो ताठ मानेने. बाप त्याला एकेक गोष्ट समजावत मनापाशी येतो. खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात, म्हणतो. स्थूल भागाची विष्ठा होते, मधल्याचं मांस होतं आणि सगळ्यांत सूक्ष्म भागाचं मन होतं. दही घुसळलं की त्यातला सूक्ष्म अंश लोणी होऊन वर येतो, तसं. मुलाला हे पुरत नाही, "आणखी समजावून सांगा" म्हणतो.

उद्दालक आणखी व्याख्यान देत नाही. तो म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस. पाणी हवं तेवढं पी, कारण प्राण पाण्याचा आहे, पाणी पीत राहिलास तर तो तुटणार नाही. पंधरा दिवस काढून मुलगा समोर येतो. बाप म्हणतो, म्हण ऋचा, म्हण यजू, म्हण सामं. बारा वर्षं घोकलेलं, पण काही म्हणजे काही आठवेना. तेव्हा बाप सांगतो, मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरला तर तो कितीसं जाळणार? तुझ्या सोळा कळांपैकी एकच शिल्लक आहे. जा, जेवून ये. मुलगा जेवून येतो आणि विचारलेलं सगळं घडाघडा सांगतो.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण हा चक्क प्रयोग आहे. एक गोष्ट काढून घ्यायची, दुसरी चालू ठेवायची, काय बंद पडतं ते पाहायचं, मग काढलेली परत द्यायची आणि पुन्हा पाहायचं. पाणी चालू होतं म्हणून प्राण राहिला, अन्न बंद होतं म्हणून स्मरण गेलं. म्हणजे मन ही ताटातून आलेली वस्तू आहे. बी-१२ फार कमी झालं की विसराळूपणा आणि खिन्नता येऊ शकते, थायरॉईड मंदावलं की विचारही मंदावतो, हे उद्दालकाला कोणी सांगितलं असतं तर त्याने नुसती मान डोलावली असती.

गंमत पुढे आहे. "तत् त्वम् असि", म्हणजे ते तू आहेस, हे प्रसिद्ध वाक्य याच अध्यायात, याच बापाने, याच मुलाला सांगितलंय, आणि एकदा नव्हे, नऊ वेळा. लोकांच्या लक्षात ते नऊ वेळा राहिलं, पंधरा दिवसांचा उपास मागे पडला. मन अन्नाचं आहे म्हणणारा आणि तू ते परमतत्त्व आहेस म्हणणारा माणूस एकच. त्याला त्यात विसंगती वाटली नाही, कारण त्याची रेघ मनाच्या पलीकडे होती.

गीतेच्या तेराव्या अध्यायात हीच रेघ आणखी ठळक दिसते. शरीराला तिथे क्षेत्र म्हटलंय, म्हणजे शेत, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. मग शेतात काय काय मोडतं त्याची यादी येते. पंचमहाभूतं आणि इंद्रियं येणार हे आपण धरूनच चालतो. पण यादी तिथे थांबत नाही. अहंकार, बुद्धी, मन, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, धृती, आणि इतकंच काय, चेतनासुद्धा शेतातच. ज्ञानेश्वरांनी टीका करताना ही मोजणी छत्तीस तत्त्वांवर नेली आणि एकेकाचं लक्षण सांगितलं. तलाठ्याकडच्या उताऱ्यावर विहीर, झाडं, पीकपाणी नोंदवावं तसं "आज मला उदास वाटतंय" हेही शेताच्याच उताऱ्यावर नोंदवलेलं आहे. जाणणाऱ्याच्या नावावर त्यातलं काही नाही.

हे नीट पोटात गेलं की जरा दचकायला होतं. मी म्हणजे कोण, असं विचारलं तर मी काय सांगेन? मला राग लवकर येतो, चहा जास्त लागतो, गणिताची भीती होती, आईची आठवण आली की घसा दाटतो. हे सगळं रेघेच्या अलीकडे गेलं. पलीकडे उरलं ते एवढंच, की हे सगळं कोणाला तरी कळतंय. प्रवचनात "तुम्ही आत्मा आहात" ऐकून ज्यांना बरं वाटतं त्यांनी बहुधा हा हिशेब केलेला नसतो. आपला स्वभाव, आपल्या आठवणी, आपली माणसं हे सगळं घेऊन अमर होता येईल अशी त्यांची समजूत असते. ही रेघ तसं काही देत नाही.

राजकन्येचं पत्र

आता दुसरी रेघ. रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ साली आपला सिद्धांत मांडला. त्याच्या मते जगात दोनच तऱ्हेच्या वस्तू. एक जागा व्यापणारी, म्हणजे शरीर, दगड, खुर्ची. दुसरी विचार करणारी, जिला लांबी-रुंदी नाही. मन आणि आत्मा हे त्याच्या लेखी एकच. शरीर अलीकडे, मन-आत्मा पलीकडे. आज आपण "हा आजार शारीरिक आहे की मानसिक?" असं विचारतो, तो प्रश्न या रेघेवर उभा आहे.

बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ तेव्हा हॉलंडमध्ये निर्वासित आयुष्य काढत होती. वय चोवीस. मे १६४३ मध्ये तिने देकार्तला पत्र लिहून एकच प्रश्न विचारला. एखादी वस्तू हलवायची तर तिला ढकलावं लागतं, ढकलायला स्पर्श व्हावा लागतो, आणि स्पर्शाला आकार लागतो. तुमच्या आत्म्याला तर आकारच नाही. मग तो हात कसा उचलतो? देकार्तने उत्तर दिलं, तिचं समाधान झालं नाही. जूनच्या पत्रात तिने लिहिलं की निराकार वस्तूने शरीर हलवलं असं मानण्यापेक्षा आत्माच जड आहे असं मानणं मला सोपं जातं. आणखी एक खोच तिने त्याच पत्रात मारून ठेवली. आत्म्याला शरीराची काही गरज नाही म्हणता, तर चांगला विचार करणाऱ्या माणसाची शुद्ध अंगातल्या वाफांनी का हरपते? (त्या काळी पोटातून वाफा डोक्यात चढतात अशी वैद्यकीय समजूत होती.) श्वेतकेतूचा उपास तिला माहीत असण्याचं कारण नाही, पण प्रश्न तोच.

देकार्तने पुढे जे लिहिलं ते वाचून मला हसू येतं. निव्वळ बुद्धीच्या चिंतनात वर्षातले मोजके तासच घालवावेत, असा सल्ला त्याने तिला दिला. शरीर आणि आत्मा एक आहेत हे रोजच्या जगण्यातून आणि गप्पांमधून आपोआप कळतं, चिंतनाने कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे एखादा शास्त्रीबुवा अडचणीत आला की "हे अनुभवाने कळेल" म्हणतो, तसंच काहीसं. १६४९च्या पुस्तकात त्याने आत्मा आणि शरीराची गाठ पडण्याची जागाही सांगितली. मेंदूच्या मध्यातली पिनियल ग्रंथी. कारण काय, तर मेंदूत बाकी सगळं डावं-उजवं असं जोडीने आहे, ही एकटीच. पुढे १९५८ मध्ये त्या ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक निघतं असं आढळलं, झोप-जागेच्या चक्राशी त्याचा संबंध. आत्म्याचा दरवाजा म्हणून नेमलेली ग्रंथी अंधार पडल्याची दवंडी देणारी निघाली.

एलिझाबेथचा प्रश्न अजून जिवंत आहे. आज फक्त शब्द बदललेत. मेंदूतल्या पेशींमधली विजेची आणि रसायनांची देवघेव आणि मला जाणवणारा दाढेचा ठणका, यांच्यात नातं काय?

चकली आणि मनाचा आकार

नैयायिकांनी, म्हणजे न्याय या तर्कावर भर देणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, मनाबद्दल जो विचार केला तो मला सगळ्यांत कारागिरीचा वाटतो. न्याय-वैशेषिकांच्या हिशेबात जगात नऊ द्रव्यं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिशा, आत्मा आणि मन. म्हणजे मन हेही एक द्रव्यच, आणि ते अणूएवढं. आत्मा मात्र सर्वव्यापी. आता इवलंसं मन मानायची गरज काय पडली?

गौतमाच्या न्यायसूत्रात त्याचं कारण एका ओळीत आहे. एका वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत, हीच मनाची खूण. डोळे उघडे आहेत, कान उघडे आहेत, समोर दृश्य आहे, आवाजही आहे, आणि आत्मा तर सगळीकडेच आहे. मग सगळं एकदम का कळत नाही? मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या मुलाला तीन हाका मारल्या तरी ऐकू का जात नाही? म्हणजे इंद्रिय आणि आत्मा यांच्यात एक अरुंद फाटक असलं पाहिजे, ज्यातून एका वेळी एकच जण जाऊ शकतो. ते फाटक म्हणजे मन.

यावर आक्षेप घेतला जाई तो खाण्याच्या पदार्थाचा. शष्कुली नावाचा एक लांबट तळलेला पदार्थ असे, आपण चकली धरू. चकली खाताना तिचे काटे दिसतात, तिळाचा वास येतो, बोटाला तेल लागतं, दाताखाली कुर्र वाजतं आणि जिभेला तिखट लागतं. पाची ज्ञानं एकदम झाली की नाही? मग तुमचं एकपदरी मन कुठे गेलं? नैयायिकाचं उत्तर असं, की एकदम होत नाहीत, एकामागून एक होतात, पण इतक्या झपाट्याने की क्रम ध्यानात येत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई आरपार घातली तर वाटतं सगळ्या एकाच क्षणी टोचल्या. पण सुई शेवटी एकेक पाकळी करूनच गेलेली असते. पेटतं कोलीत गरगरा फिरवलं की अख्खं वर्तुळ दिसतं, तसं.

आजच्या प्रयोगशाळेत लक्ष देण्यावर जे काम झालंय त्याच्या शेजारी हे ठेवून पाहावं. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली आणि खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेष घातलेलं माणूस चालत येतं, छाती बडवतं आणि जातं. मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. डोळ्यांसमोर होता, पण फाटकात दुसरं कोणी उभं होतं. अणूएवढं द्रव्य वगैरे आज कोणी मानणार नाही. फाटक अरुंद आहे हे मात्र खरंच.

आयुर्वेदाने या वादात फार न शिरता कामापुरतं घेतलं. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सत्त्व म्हणजे मन, आत्मा आणि शरीर यांना त्रिदंडासारखं म्हटलंय, तिवईचे तीन पाय. वैद्याला उपचार करायचे आहेत, त्याला तिन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. जैनांनी वेगळंच उत्तर दिलं. जीव हा देहाएवढा, मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. दिव्याचा उजेड खोलीएवढा पसरतो तसा.

आकडे मोजता मोजता

काही वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, दहापासून उलटे आकडे मोजा. दहा, नऊ, आठ, सात. सहा म्हटल्याचं आठवत नाही. सातनंतरचं पुढचं वाक्य म्हणजे "झालं का?" आणि ते मीच विचारत होतो. मधले दोन तास नव्हतेच. रात्रीच्या झोपेत असं होत नाही. उठल्यावर बराच वेळ गेल्याची एक चव तोंडात असते, आणि आपण म्हणतो, "काय छान झोप लागली, कसलं भान नव्हतं."

वेदान्ती या वाक्याला धरून बसतो. भान नव्हतं म्हणतोस, तर छान लागली हे कोणी पाहिलं? मन झोपलं होतं, इंद्रियं झोपली होती, तरी सुख आणि अज्ञान या दोन्हींची नोंद कुठेतरी झाली. नोंद करणारा तो साक्षी, तोच आत्मा. ऐकायला बिनतोड वाटतं. पण नैयायिक तिथेच हात धरतो. तो म्हणतो, ही आठवण नव्हे, हे अनुमान आहे. अंग हलकं झालंय, डोळे चुरचुरत नाहीत, यावरून तू उठल्यावर ताडलंस की झोप चांगली झाली असणार. पहाटे अंगण ओलं दिसलं की आपण रात्री पाऊस झाला म्हणतो. तो पडताना कोणी जागं असावं लागत नाही.

खरं सांगायचं तर ऑपरेशननंतर माझं मत थोडं नैयायिकाकडे झुकलं. त्या दोन तासांना साक्षी असलाच तर त्याने मला काही सांगितलं नाही. यावर वेदान्त्याचं उत्तर ठरलेलं आहे. सांगायला मन लागतं, आणि मन भुलीखाली होतं. या उत्तरात खोट काढता येत नाही, आणि मला तेच खटकतं. ज्या साक्षीदाराची साक्ष कधीच नोंदवता येत नाही, त्याला कोर्टात बोलावून करायचं काय?

तराजूत आत्मा

रेघच नको म्हणणारेही आपल्याकडे पुष्कळ होते. चार्वाकांचा, म्हणजे आपल्याकडच्या जडवाद्यांचा, विडा प्रसिद्ध आहे. पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी तपकिरी, यांतलं कोणीच लाल नाही, पण एकत्र चावलं की तोंड लाल. तसं चार महाभूतांच्या एकत्र येण्याने चैतन्य येतं, वेगळा आत्मा घरात आणून बसवायला नको. दुसरा दाखला दारूचा. आंबवण्यापूर्वी कशातच नशा नसते, आंबवल्यावर येते. आजचे मेंदूशास्त्रज्ञ शब्द वेगळे वापरतात, पण बऱ्याच जणांचा रोख असाच असतो. उणीव एवढीच, की विड्याचा लाल रंग पाहायला कोणीतरी आरशासमोर उभं असतं. चैतन्याचा रंग पाहणारा म्हणजे पुन्हा चैतन्यच.

काहींनी तर आत्मा मोजायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये डंकन मॅक्डूगल नावाच्या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवली आणि १९०७ साली आपले आकडे छापले. सहा रुग्ण. पहिल्याचं वजन मरताना पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम घटलं. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, दोन तर त्याने स्वतःच बाद केले. पण २१ ग्रॅम जगभर झाले आणि अजून व्हॉट्सॲपवर फिरतात.

हाच प्रयोग दीघनिकाय या पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथात आहे हे मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. कोसल देशातला पायासी नावाचा सरदार जीव वगैरे काही मानत नसे. त्याने चोराला जिवंतपणी तोललं, दोरीने गळा आवळून मारल्यावर पुन्हा तोललं, आणि मेल्यावर उलट वजन वाढलं असं सांगितलं. दुसऱ्या चोराला त्याने रांजणात घालून तोंड चामड्याने आणि ओल्या मातीने बंद केलं, खाली जाळ लावला, मग हळूच उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. हे सगळं तो कुमार कस्सप या भिक्खूला मोठ्या विजयाने सांगतो. कस्सप विचारतो, तुम्ही दुपारी वामकुक्षी घेता, स्वप्नात बागा पाहून येता, तेव्हा भोवतीच्या दासींना तुमचा जीव जाता-येताना दिसतो का? मग तो एका गावाची गोष्ट सांगतो. शंख वाजलेला ऐकून गावकरी जमले, शंखाला उताणा केला, पालथा केला, काठीने ठोकला, "बोल, शंखोबा, बोल!" बिचारा शंख कसा बोलणार? फुंकणारा माणूस, श्वास आणि शंख एकत्र आले तरच आवाज.

पायासीची क्रूरता बाजूला ठेवली तर त्याची चूक आपण सगळेच करतो. नातं शोधायच्या जागी तो वस्तू शोधत होता.

याच परंपरेतला नागसेन भिक्खू मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर याला रथाचा दाखला देतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? दांडा? कशालाच रथ म्हणता येत नाही, आणि हे सगळं काढून घेतलं तर मागे रथही उरत नाही. माणसाचं तेच. आता कठोपनिषद उघडा, तिथेही रथच आहे. शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत बसलाय तो रथी, आत्मा. दोघांपुढे एकच वाहन उभं. एकाने ते सुटं करून आत कोणी नाही म्हटलं, दुसऱ्याने आत कोणी बसलाय म्हणूनच रथ निघाला म्हटलं. दोघांनीही मनाला मात्र रथाच्या सामानातच धरलंय, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

जास्वंद आणि स्फटिक

मग मनापलीकडे रेघ मारणारे सुटले का? सुटले नाहीत. त्यांच्याही दाराशी एलिझाबेथ उभी आहे. सांख्य दर्शनात आत्म्याला पुरुष म्हणतात आणि मनासकट बाकी सगळ्या जड पसाऱ्याला प्रकृती. हा पुरुष काही करत नाही, नुसता पाहतो. सगळी उठाठेव प्रकृतीची, आणि ती आंधळी. दोघांचा संसार चालतो कसा? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दाखला आहे आंधळ्या-पांगळ्याचा. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, तो वाट दाखवतो, हा चालतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात हा दाखला उसवला. पांगळा निदान तोंडाने "डावीकडे वळ" तरी म्हणतो, तुमचा पुरुष तर काहीच करत नाही, मग तो प्रकृतीला हलवणार कसा?

दुसरा दाखला जास्त टिकाऊ आहे. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो, होत नाही. मन लाल होतं आणि आपण म्हणतो मी लाल झालो. ढकलाढकलीच नाही म्हटल्यावर स्पर्शाचा प्रश्नही येत नाही. गणपतीच्या दिवसांत मी देव्हाऱ्यातल्या स्फटिकाच्या श्रीयंत्राशेजारी जास्वंद ठेवून पाहिली आहे. फूल सरकवलं की रंग जातो, स्फटिकावर ओरखडाही नसतो. पण स्फटिक लाल आहे असा गैरसमज कोणाचा झाला, हे कोणी विचारलं तर पुन्हा पंचाईत. स्फटिकाचा होऊ शकत नाही, फुलाचा होऊ शकत नाही.

सांख्यकारिकेची बासष्टावी कारिका इथे वाचावी. खरं पाहता पुरुष बांधला जात नाही, सुटत नाही, जन्मोजन्मी फिरतही नाही. बांधली जाते, सुटते, फिरते ती प्रकृती. एका देहातून दुसऱ्यात जातं ते सूक्ष्मशरीर, म्हणजे मन, बुद्धी, अहंकार आणि त्यांना चिकटलेले संस्कार. आत्मा कुठेच जात नाही. जायला त्याला रिकामी जागा तर हवी!

म्हणून कोणी गेल्यावर गटावर "आत्म्यास शांती लाभो" असे मेसेज ओळीने पडू लागले की मला थोडं चुकल्यासारखं वाटतं, जरी मीही तेच टाकतो. या हिशेबात आत्म्याला शांती लाभायची काही गरजच नाही, तो शांतच आहे. अशांत असतं ते मन. आणि हे आपल्या दहाव्याच्या विधीला आपल्या मेसेजपेक्षा जास्त चांगलं कळतं. पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावरचा कोणीही माणूस "आत्मा अडकला" म्हणत नाही. तो म्हणतो, "इच्छा राहिली असेल." इच्छा म्हणजे गीतेच्या त्या यादीतला, शेतातला माल.

आमच्या शेजारचे एक काका वारले, त्यांच्या दहाव्याला मी नदीवर गेलो होतो. पिंड मांडले, सगळे मागे सरकले. समोर पिंपळावर सहा-सात कावळे, एक हलेना. मोठ्या मुलाने हात जोडून सांगितलं, धाकट्याचं लग्न मी लावून देईन. काही नाही. सून म्हणाली, आईंना अंतर देणार नाही. काही नाही. कोणी घराच्या वाटण्यांचं बोललं, कोणी काशीला जायचं. ऊन वर चढलं. गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढून हाताशी ठेवला. तेवढ्यात काकांची बहीण, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत दोन पावलं पुढे आली आणि रागावल्यासारखी म्हणाली, "दादा, तुझा रेडिओ मी कुणाला हात लावू देणार नाही. बास?"

पिंपळावरून एक कावळा खाली आला, भाताचं एक शीत उचललं आणि उडाला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा परत पिशवीत ठेवला.